रिंगा बसल्या का

१ ऑक्टो. खंडेनवमी
काल ट्रॅक्टर विट्याहून घरी आला. इंजिन सगळं खोलून नवं केलं, लायनर, पिस्टन, रिंगा. मिस्त्री म्हणाला, उद्यापासूनच कामाला लावा. पण आज अवजाराला काम लावायचं नसतं. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू. नुसता चालू करून अंगणात ठेवला. आवाज चांगला. थोडा धूर आहे. नवं आहे म्हणून असेल.

५ ऑक्टो.
रोज सकाळी चालू करतो, चहा होईपर्यंत मंद ठेवतो. मग रिकामाच मारुतीपर्यंत नेऊन आणतो. नांगर जोडायला हात धजत नाही. ही म्हणाली, "सुनंला न्हाई एवढं जपलं तुमी. तिला दुसऱ्या दिशी भांगलायला धाडली."
तेलाची काडी बघितली. पार खालच्या खुणेला. खाली गोणपाट टाकून ठेवलं होतं, ते कोरडं. गळत नाही. मग तेल जातं कुठं?

८ ऑक्टो.
परत तेल ओतलं. धूर निळा आहे. ही म्हणते पांढरा. तिला मोतीबिंदू. मला पण आहे म्हणा, एका डोळ्याला.
सचिनचा फोन. पोरगा तिकडे कोइमतूरला, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात. त्याला धुराचं कसं कळलं? हिनंच सांगितलं असणार. "नाना, दिवाळीला येतोय. त्याल खात आसंल तर देऊन टाकू ट्रॅक्टर. रान वाट्यानं लावू. तुमी बसा आता निवांत."
निवांत म्हणजे कुठं बसू? ट्रॅक्टर गेल्यावर सकाळी उठून मी…

१० ऑक्टो.
विट्याला जाऊन आलो. मिस्त्रीनं पहिलं हेच विचारलं, काम काय केलं? रिकामाच मारुतीपर्यंत नेतो म्हणालो. "नाना, पाळण्यात घालून झोकं देताय व्हय त्येला?" मग नीट सांगितलं. पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो तो लायनर, त्याला आतून बारीक रेघा असतात. इंजिनावर ओझं आलं की पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून बसतात. रिकामं चालवलं तर रेघाच गुळगुळीत होतात, रिंगा बसत नाहीत, तेल वर चढून जळतं.
"मग आता?"
"आता वढू द्या ओझं. बसल्या तर बसल्या. न्हाईतर परत खोलायचं. म्या काय आत बसून बघतोय?"
म्हणजे माझ्याच जपण्यानं झालं. जेवण गेलं नाही.

१४ ऑक्टो.
ट्रॉलीत शेणखत भरलं, माळाच्या रानाचा चढ. निम्म्यात आवाज जड झाला, मागं धुराचा लोट. थांबवावं वाटलं. नाही थांबवलं. बांधावरनं शेजारचा दगडू ओरडला, "नाना, डासाचं औषीद मारताय का गावाला?" हसलो नाही. वर गेल्यावरच थांबलो.

१७ ऑक्टो.
रोज खेपा चालू. आज धूर कमी वाटला. का वारा होता? तेल थोडं कमी गेलं. बहुतेक. काडी तीनदा बघितली, तीन तऱ्हेची दिसली.

१९ ऑक्टो.
सचिन आला. चहा व्हायच्या आधी, "त्याल किती खातोय?" कमी झालंय म्हणालो. त्यानं स्वतः तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि दिवसभर भरल्या ट्रॉलीच्या खेपा मारल्या. मी मडगार्डवर. तो एकदाही मागं वळला नाही, धूर मीच बघत होतो. संध्याकाळी म्हणाला, "सकाळी गार झाल्यावर बघू काडी. मग ठरवू."

२० ऑक्टो. पहिली आंघोळ
हिनं अंगाला तेल लावून बसवलंय. वहीला डाग पडले. ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा कडब्याच्या गंजीमागं आहे. सगळे उठायच्या आधी थोडं ओतता आलं असतं. हात लावला नाही. म्हणजे उचलला होता, परत ठेवला.
सचिन ट्रॅक्टरपाशी आहे. काडी काढली. पुसली. परत घालून काढली. उजेडाकडं धरून बघतोय. पाठ इकडं.
ही आतून हाका मारते, "आवं, पाणी निवलं की!"
आलो म्हटलं. आधी तो वळू दे.