आधीच दिलेली साक्ष

रवि., २ मार्च
रोशनीला घर सोडून चार वर्षं झाली. न विचारता लग्न केलं, मी म्हटलं तोंड दाखवू नको, तिने नाही दाखवलं. चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या वाचतात, त्यात तिचं नाव. आधी पहिलं असायचं, आता कुणाच्या तरी गुडघेदुखीनंतर. मंडळी आमेन म्हणतात नि घड्याळ बघतात. मीही बघतो.

आज पाहुणे उपदेशक होते. म्हणाले, रडत वाट बघू नका. मिळालंच समजून आधीच साक्ष द्या. काय संचारलं कोण जाणे, उभा राहिलो. "मेरी बेटी का फोन आया. प्रभु की स्तुति हो." टाळ्या, हालेलुया.

मग बायकांच्या बाजूला मंदा दिसली. तोंडावर हात, डोळ्यांना धारा. निदान बायकोला तरी आधी सांगायला हवं होतं.

सोम., ३ मार्च
कालपासून मंदाचं एकच.
"का मनली पोरगी? मले कावून नाही देल्ला फोन?"
"तू बाजारात होतीस. ती घाईत होती."
"नंबर?"
"कुणाच्या तरी फोनवरून केला होता."
"आवाज कसा होता?"
"बरा."

तेहतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली, एकदाही खोटी हजेरी लावली नाही. आणि हे देवाच्या घरात.

गुरु., ६ मार्च
मंदाने आतली खोली धुतली. रोशनीची उशी उन्हात. कॅम्प-१ च्या बाजारातून मुनग्याच्या शेंगा आणल्या, पोरीला आवडतात म्हणून. दोघांनीच खाल्ल्या. फोन सारखा हाताशी, न्हाणीतसुद्धा नेते. गुणगुणते पण. सांगू तरी कसं?

देवा, आता तरी वाजव. तुला काय जड आहे.

रवि., ९ मार्च
विनंत्यांत रोशनीचं नाव नाही. पास्टरांना गाठलं. "भैया, वो तो पूरी हो गई न!" पाठ थोपटली. मी हसलो. लाज वाटते.

सबंध भिलाईत आता तिच्यासाठी कुणी मागत नाही. मंदासुद्धा नुसते आभार मानते.

मंगळ., ११ मार्च
मंदाला खरं सांगितलं. भाजी निवडत होती. ओरडली नाही. उठून उशी आत आणली, मग म्हणाली,
"पयल्या साली मी लावत होती फोन. ती मने, बाबाले बोलायला लाव. तुमी उठून जात होते. मंग देवावर सोडून बसले."

खरंय. बापाने आधी का बोलायचं, हे धरून बसलो आणि त्यालाच धीर म्हणत राहिलो.

गुरु., १३ मार्च
मंदाच्या वहीतून नंबर घेतला. लावला. सेवेत नाही. पाच वेळा लावला, पाचही वेळा तेच.
मंदा मान वर न करता बोलली, "दोन वर्षं झाले, बंद हाय तो."
म्हणजे ही लावत होती, इतकी वर्षं. मला पत्ताच नाही.

प्रार्थनेला बसलो. त्याला काय सांगायचं, तो तर त्या साक्षीला हजर होता. बहुतेक आता उशीर झाला...

रवि., १६ मार्च
खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. साक्षीची वेळ आली, बसूनच राहिलो.

मग विनंत्या. शेवटच्या चिठ्ठीवर पास्टर अडखळले, माझ्याकडे पाहिलं. "रोशनी के लिए, जिसका फोन नहीं आया. और उसके बाबा के लिए."

चिठ्ठी कुणाची हे विचारायला नको. सगळ्या माना वळल्या. माझं आमेन उशिरा निघालं, एकट्याचंच ऐकू आलं.

बाहेर मंदा स्कूटरपाशी उभी होती. पूर्वी माझ्या खांद्यावर हात ठेवून बसायची, आज मागची दांडी धरली. मरोद्याच्या वळणावर खड्डा आला तेव्हा खांदा धरला. खड्डा गेल्यावर सोडला.