लांब पट्ट्याचं हँडल

काका, बेलापूरहून पेंधरला आता मेट्रो जाते. तिचे डबे चीनमधल्या एका सरकारी कारखान्यात तयार झालेत म्हणे. आपल्या गाळ्यावर जे चिनी पाहुणे आले होते त्यांचाच तो कारखाना की दुसरा, मला माहीत नाही. मी पहिल्यांदा त्या डब्यात चढले तेव्हा बसायला जागा असूनही उभी राहिले. समोरची बाई माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही असतात तर तिलाही उभं केलं असतंत.

पावणे एमआयडीसीतला आपला गाळा. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. पुढे रबराचे साचे, मागे माझं ड्रॉइंगचं टेबल, मध्ये स्टोअरची जाळी. जाळीमागे दिघ्याचा स्टोअरकीपर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर शेरे मारायचा. तुम्ही फोरमन. मला नोकरीला लागून दोन महिने झालेले, बोली तीन महिन्यांची. शेठने स्पष्ट सांगितलं होतं की चिनी ऑर्डर मिळाली तर मी कायम, नाही तर ड्रॉइंगसाठी वेगळं माणूस परवडत नाही. ऑर्डर होती मेट्रोत उभ्या प्रवाशांनी धरायच्या, पट्ट्याने लटकणाऱ्या हँडलची. ड्रॉइंग त्यांच्याकडून आलं, मी ते आपल्या कागदावर उतरवलं, तुम्ही साचा केलात आणि नमुन्याची बारा हँडलं तयार झाली.

शेठच्या मते काम तिथे संपलं. तुमच्या मते तिथे सुरू झालं. जे आपण वापरून बघितलं नाही ते गाळ्याबाहेर जायचं नाही, हा तुमचा नियम. तुम्ही मटेरियलच्या ट्रॉलीला दोन उभे अँगल लावलेत, ड्रॉइंगवरून डब्यातली उंची मोजून वर आडवा पाइप टाकलात आणि त्याला हँडलं लटकवलीत. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वर चढवलंत. स्टोअरकीपर मागून ढकलतोय, ट्रॉली गाळ्यापुढच्या खड्ड्यांतून चाललीय आणि तो सांगतोय, "पुढचं टेशन दिघा हाय. उतरनारे दारात या." शेजारच्या गाळ्यातले लोक जेवणाचा डबा हातात घेऊन बघायला आलेत. माझा हात हँडलपर्यंत पोचतो, पण चवड्यांवर उभं राहिल्यावर. पहिल्याच खड्ड्यात मी तुमच्या पाठीवर आदळते.

"तुज्या टाचा कुठं हायत?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, ड्रॉइंगमध्ये हीच लांबी आहे. तुम्ही म्हणालात, ड्रॉइंग काय डब्यात हुबं ऱ्हाणार हाय व्हय. सगळे हसले आणि मी संध्याकाळपर्यंत ड्रॉइंगमधून मान वर काढली नाही. निघताना तुम्ही टेबलाशी येऊन पट्टा चार बोटं जास्त लांब असलेलं एक हँडल काढायला सांगितलंत. एकच नग करू, त्यांना दाखवू, एवढंच म्हणालात. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगला हात लावायचा नसतो, असं मी शिकले होते. तरी काढलं. पट्टा तुम्ही स्वतः कापलात.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी ते हँडल स्टोअरमधून काढून माझ्या टेबलाच्या खणात घातलं आणि वर ट्रेसिंग पेपर ठेवले. हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगतेय. मला वाटलं, ते बघून पाहुणे म्हणतील की यांना साधं ड्रॉइंग वाचता येत नाही, आणि माझी नोकरी जाईल.

ते तिघं होते. एक साहेब, एक बाई इंजिनिअर आणि दुभाषी. बाई माझ्याच उंचीच्या. त्यांनी स्वतःच्या चहाची काचेची बरणी आणली होती. बाईंच्या बरणीकडे बघत, काकीनं लोनचं आनलंय, असं स्टोअरकीपर माझ्या कानात म्हणाला. साहेबांनी बाराही हँडलं मोजली आणि मान हलवली. तेवढ्यात तुम्ही लांब पट्ट्याचं हँडल मागितलंत. ते सापडेना. पाहुण्यांसमोर तुम्ही स्टोअरकीपरला झाडलंत, त्याचं स्वतःचं डोकं तरी जागेवर आहे का, असं विचारलंत. एरवी एकाला दोन उत्तरं देणारा तो माणूस खाली मान घालून फळ्या उपसू लागला.

मग बाई आपणहून ट्रॉलीवर चढल्या. हात वर केला. चवड्यांवर उभ्या राहिल्या. तुम्ही नुसते त्यांच्या बुटांकडे बघत राहिलात. मी आत टेबलाकडे गेले, खणातलं हँडल घेऊन आले आणि म्हटलं, "स्टोअरच्या मागच्या फळीवर होतं."

तुम्ही ते पाइपाला लावलंत. बाईंनी धरलं, टाचा टेकवल्या आणि काहीतरी बोलल्या. दुभाषी हसू दाबत म्हणाला, "मॅडम म्हणतात, आमच्याकडे ड्रॉइंग काढणारे सगळे उंच आहेत." स्टोअरकीपरने ट्रॉली ढकलली. बाई गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. साहेब कागद सांभाळत मागून धावत होते.

दोन आठवड्यांनी फॅक्स आला. निम्मी हँडलं मूळ लांबीची, निम्मी लांब पट्ट्याची. मी कायम झाले. तुम्ही पेढे वाटलेत आणि प्रत्येकाला सांगितलंत, पोरीनं शोधून काढलं म्हणून झालं. मी पेढा खाल्ला. स्टोअरकीपरनेही खाल्ला. पुढे दर दसऱ्याला मशीनची पूजा झाली की तो मला म्हणायचा, "ताई, माज्या फलीवर ते गेलं कसं, मला अजून कललं नाय." मी हसायचे. तोही हसायचा. तुम्ही रिटायर होईपर्यंत त्याला त्यावरून चिडवत होतात.

तुम्ही जाऊन आता खूप वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र कुठे जाणार नाही. स्टोअरकीपर मात्र अजून दिघ्यालाच असतो. तब्येत ठणठणीत आहे आणि पत्ता माझ्याकडे आहे. खरं तर त्यालाच लिहायला बसले होते. पण तो उत्तर देईल, म्हणून तुम्हाला लिहिलं.