गोल मुकुटाचा पैसा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. आज तो लिहून काढते आहे. तुम्ही शाळेत मला शिकवलंत, पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले आणि चामोर्शीला तुमच्याच घरी मागच्या खोलीत राहिले. त्या घरात जेवणाआधी भोकाचे पैसे बघावे लागत. महायुद्धाच्या दिवसांत तांबं वाचवायला सरकारनं काढलेले, मधोमध भोक असलेले ते पैसे. तुम्ही ते सुपात पसरता, सूप खिडकीशी नेता, भिंग डोळ्याला लावता, आणि इकडे चुलीवरची आंबाडी खाली लागते. टांकसाळीत एक ठसा झिजला की दुसरा कोरतात, आणि कोरणाऱ्याचा हात दर वेळी थोडा वेगळा पडतो, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं असेल. म्हणून कुठे पैशावरचा मुकुट गोल तर कुठे चपटा, कुठे सालाचे आकडे ठसठशीत तर कुठे बारीक. एकदा कंटाळून मी म्हटलं, सगळे सारखेच तर आहेत. तुम्ही भिंग खाली ठेवून म्हणालात, "वर्गातल्या पोरीही तुले सारख्याच दिसत असतीन मंग." दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही.

तुमचं सगळं अडलं होतं एका पैशापाशी. मुकुट गोल आणि आकडे बारीक, अशी जोडी तुम्ही फीच्या चिल्लरीत एकदा पाहिली होती. ओळख पटेपर्यंत चिल्लरीचा भरणा होऊन गेला. तुम्ही नागपूरच्या एका जाणत्या संग्राहकांना कळवलंत. त्यांनी उलट लिहिलं की असा मुकुट आणि असे आकडे एकत्र येणं शक्य नाही, खेड्यात उजेड कमी असतो, नजर चुकते. त्यानंतर बाजारात तुमची नजर भाजीवर कमी आणि लोकांच्या हातातल्या सुट्ट्या पैशांवर जास्त असायची.

दशमानाचे नवे पैसे येऊन वर्ष होत आलं होतं. आठवडी बाजारात जंगलाकडच्या गावातली एक बाई डिंक आणि मध घेऊन बसायची. गोंडी बोलायची, आपल्यापुरती मराठी तिला येत होती. तिच्या गळ्यात भोकाच्या पैशांची माळ होती. मध मोजून घेता घेता तुम्ही वाकलात आणि तशाच थांबलात. मग मला म्हणालात, "डावीकडला तिसरा पैसा पाह्य." मी पाहिला. गोल मुकुट, बारीक आकडे. माझ्या हातात नव्या पैशांची चिल्लर होती, कोरी, चमकणारी. तिला ती आवडली. यातले मूठभर दे आणि हवा तो घे, असं ती हसत म्हणाली आणि माळेची गाठ सोडायलाही लागली. बाई, गाठ सुटत होती. आणि तुम्ही तिचा हात धरलात.

"थांब. तो पैसा काय हाय ते आधी आयक. असा दुसरा मी पाह्यला नाई. नागपूरले नेला त लोक याचे रुपये देतीन."

ती गाठ परत आवळून म्हणाली, "मंग मी काऊन देऊ? माह्या मायनं ओवला हाय." तुम्ही मान डोलावली, जणू बरोबर उत्तर मिळालं. थोडे दिवस तरी देशील का, नागपूरला दाखवून परत आणते, असं तुम्ही विचारलंत. ती कबूल झाली, पण मार्कंड्याची जत्रा झाल्यावर. जत्रेत माळ गळ्यात हवी. घरी येताना तुम्ही चक्क गुणगुणत होतात, आणि मी मनात दिवस ढकलत होते.

महाशिवरात्रीला आपण मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या वाळूत ती आपल्या माणसांबरोबर बसली होती. तुम्हाला पाहून स्वतःहून उठून आली. माळ नव्यानं ओवलेली, तो पैसा आता अगदी मधे, आणि उन्हात सोन्यासारखा. मौल्यवान आहे म्हणून तिनं तो चिंच लावून नदीच्या रेतीनं घासला होता, चांगला मन लावून. तुम्ही भिंग काढलंत. मुकुटाच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा उरला होता, आकडे तर दिसतही नव्हते. हवा तर आज घेऊन जा, असं ती म्हणत होती. तुम्ही खूप वेळ तो बोटांत धरलात. मग म्हणालात, "ठेव तूच. साजरा दिसते तुह्या गळ्यात."

परतीच्या बैलगाडीत मी तोंड सोडलं. तुम्ही बोलला नसतात तर पैसा वाचला असता, तुम्ही खऱ्या ठरला असतात, आणि ती मूठभर नव्या पैशांतही तितकीच खूश झाली असती. माझं यातलं एक वाक्यही मला आजपर्यंत चुकीचं वाटलेलं नाही. तुम्ही नदीकडे बघत म्हणालात, "मलेही दुखून राह्यलं. आता गप राय." पुढे तुम्ही गेलात तेव्हाही नागपूरकरांचं म्हणणंच खरं धरलेलं होतं.

गेल्या महिन्यात चंद्रपूरला रस्त्यावर जुनी नाणी मांडून बसलेला एक जण दिसला. ढिगात हात घातला आणि चौथा की पाचवा पैसा, बाई, तोच. गोल मुकुट, बारीक आकडे, न घासलेला. वीस रुपयांना कुठलाही घ्या, म्हणाला. मी वीसची नोट काढली आणि कुणास ठाऊक कसं, त्याला सांगायला लागले. ठसा कसा झिजतो, मुकुट कुठे बघायचा, ही जोडी का मिळत नाही. त्यानं सगळं नीट ऐकलं, पैसा माझ्या हातातून घेतला, खिशात टाकला आणि हा आता विकायचा नाही म्हणाला. चामोर्शीपर्यंत बसमध्ये मी तुमच्यावर चरफडत होते. तुमचं खरं होतं, आणि दाखवायला माझ्या हातात आजही काही नाही, दाखवावं असं कुणी उरलंही नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. राग आला तो बसमध्ये. त्या नाणीवाल्याला सांगत होते तेव्हा मला फार बरं वाटत होतं.