गुलाबबाईला कोणी मारू नये

लिहून ठेवणार: सौ. अन्नपूर्णा नथ्थू बुरांडे, वय ६८ वर्षे, सेवानिवृत्त ग्रंथपाल, राहणार चामोर्शी, जिल्हा गडचिरोली.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, दिवसाउजेडी आणि पोटभर जेवून लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी आग्रहही केलेला नाही. तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तो मी घरी तीनदा वाचला, तेव्हा खरा असावा.

१. यापूर्वी मी दि. १४ जानेवारी २०२५ रोजी एक मृत्युपत्र लिहिले होते. ते या लेखाने रद्द करते. त्यात मी माझ्या हस्तलिखित वह्या जाळून टाकाव्यात आणि लेखकाचे खरे नाव कोणालाही सांगू नये असे लिहिले होते. ते कागद मी काखेतल्या गाठीवर हात ठेवून लिहिले होते. भीतीपोटी केलेली वाटणी कोणी खरी धरू नये.

२. लेखनहक्कांची व्यवस्था करायची तर आधी हे जाहीर करणे भाग आहे: 'गुलाबबाई' या हेरकथांच्या मालिकेचे लेखक म्हणून ज्यांचे नाव छापले जाते, ते व. ना. सोनटक्के नावाचे गृहस्थ अस्तित्वात नाहीत. प्रसिद्ध झालेली नऊ आणि छापायला गेलेले दहावे, ही सर्व पुस्तके मी लिहिली आहेत.

ज्यांनी ती वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: गुलाबबाई एकसष्ट वर्षांची, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर आहे. सरकारच्या गुप्त कामांसाठी ती गावोगाव फिरते. हातात कापडी पिशवी, पिशवीत औषधाच्या गोळ्या आणि विणकाम. तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

ती मला २०१० साली मूल गावाच्या बसस्टँडवर सुचली. मी बाकावर बसले होते. शेजारी दोन माणसे बसली आणि चोरीचे सागवान कोणत्या गाडीतून, कोणत्या रस्त्याने न्यायचे ते मोकळ्या आवाजात ठरवू लागली. मध्येच एकाने माझ्याकडे पाहिले. दुसरा म्हणाला, "बोल ना बे, म्हातारीच तर आहे." मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते. गाडीचा नंबर मी तिकिटाच्या पाठीवर लिहिला आणि वनखात्याला फोन केला. दोन दिवसांनी लाकूड पकडल्याची बातमी वाचनालयात आली. खबर कोणी दिली ते आजपर्यंत कोणाला कळलेले नाही. त्या माणसाचा मला काही महिने राग होता. आता नाही. दहा पुस्तके त्याच्या एका वाक्यातून निघाली.

३. चामोर्शी येथील राहते घर, परसातील विहीर व आंब्याची दोन झाडे, तसेच बँक व पोस्टातील सर्व शिल्लक माझे पती श्री. नथ्थू बुरांडे यांना त्यांच्या हयातीपर्यंत मिळावी. त्यांच्यानंतर सर्व काही आमची एकुलती मुलगी मयुरी हिचे. मयुरी मोहर्लीला सफारीची गाइड आहे. तिला वाघ रोज दिसतो, आईबाप दोन महिन्यांतून एकदा. ही तक्रार आहे, अट नाही.

४. वाचनालयाच्या अभिप्राय-नोंदवह्यांविषयी. २०१२ ते २०२१ या काळातील तीन वह्या माझ्या घरच्या लोखंडी कपाटात आहेत. त्या मी निवृत्तीच्या वेळी पिशवीत घालून आणल्या. ही चोरी आहे, मी कबूल करते. त्या वाचनालयाला परत द्याव्यात.

त्या मी का आणल्या ते सांगितले पाहिजे. वाचक पुस्तक परत करायचे, माझ्यासमोर उभे राहून वहीत मत लिहायचे, आणि मी कार्डावर शिक्का मारत ते उलटे वाचायचे. लेखक समोर बसला आहे हे कोणाला माहीत नव्हते, म्हणून सगळे खरे लिहीत. प्रकाशकांनी दुसऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काळ्याभोर केसांची तिशीतली बाई छापली, तेव्हा मी पत्र लिहून भांडले, पण उपयोग झाला नाही. पुढच्या आठवड्यात एका शेतकरी बाईने वहीत लिहिले, 'वरच्या चित्रातली बाई पुस्तकात कुठीच भेटली नाही.' त्या पानाची झेरॉक्स पाठवली आणि तिसऱ्या पुस्तकापासून केस पांढरे झाले.

श्री. गोपाल वासेकर गुरुजी यांनी पहिल्याच पुस्तकाबद्दल लिहिले होते, 'साठीतील स्त्री सात फुटी भिंतीवरून उडी मारते, हे शक्य नाही.' मला झोंबले. सुट्टीच्या दिवशी मी वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर चढले. भिंत पाचच फुटांची होती. माझे उजवे मनगट मोडले. न्हाणीत घसरले असे मी सर्वांना सांगितले, ते खोटे होते. दीड महिना डाव्या हाताने शिक्के मारताना मी गुरुजींना मनात काय काय म्हणाले ते येथे लिहिता येत नाही. पण त्यानंतर गुलाबबाईने एकदाही उडी मारली नाही. ती दारावरच्या शिपायाला म्हणते, "बाबू, एवढी पिशवी आत नेऊन दे," आणि त्याच्या मागोमाग सरळ आत जाते. मालिका खरी तेव्हापासून चालली. गुरुजींचा मी बारा-तेरा वर्षे राग धरला. तो या कलमाने सोडते.

५. घोट गावाच्या पुढच्या एका जंगलगावातील बुधरी मडावी ह्या आठवडी बाजाराला चारोळी घेऊन येतात. त्यांना वाचता येत नाही. त्यांची नात दिव्या पुस्तक नेते आणि वाचून दाखवते. पाचव्या पुस्तकानंतर बुधरीबाई स्वतः टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, माहं बी लिवा." मी लिहून घेतले. ते असे: 'ही बाई पाच पुस्तकं झाली, जंगलात फिरून राह्यली. तिले कोनी जेवाले नाई देल्लं. जंगलात मानसं नाई राहत काय? आमच्या गावात आली असती तं उपाशी नसती गेली.'

मला लाज वाटली. माझ्या पुस्तकांतल्या जंगलात झाडे होती, वाघ होते, बंदुकवाले होते, चूल नव्हती. सहाव्या पुस्तकात गुलाबबाई तीन दिवस एका घरी राहते, आंबील पिते, त्या घरच्या म्हातारीबरोबर मोहफुले वेचते आणि तिच्याकडूनच तिला खरा सुगावा लागतो. वाचकांची सर्वांत जास्त मते त्या पुस्तकाला आली. सबब सहाव्या पुस्तकाचे संपूर्ण लेखनहक्क मी कु. दिव्या मडावी हिला देत आहे. ते पुस्तक तिच्या आजीच्या चार वाक्यांवर उभे आहे.

६. आता दहाव्या पुस्तकाविषयी, कारण आधीचे मृत्युपत्र रद्द होण्याचे कारण तेच आहे.

जानेवारीत मला काखेत गाठ लागली. मी कोणाला सांगितले नाही. दहावे पुस्तक निम्मे झाले होते. आपल्यामागे ही बाई अर्धवट राहू नये, म्हणून मी घाईघाईने शेवट केला आणि गुलाबबाईला मार्कंड्याजवळ वैनगंगेत बुडवले. प्रकाशकांना हा शेवट खटकला. त्यांनी पाच झेरॉक्स प्रती वाचनालयात पाठवल्या आणि जुन्या वाचकांचे मत मागवले. मी निवृत्त असले तरी दुपारी तिथे जाऊन बसते, त्यामुळे प्रती माझ्याच हातून वाटल्या गेल्या. त्याच आठवड्यात मयुरीला भेटायला जाते असे सांगून मी एकटी नागपूरला जाऊन तपासणी करून आले. निकाल यायचा होता.

गुरुजींनी प्रत परत केली. "बाई, शुद्धलेखनाची एकबी चूक नाई," ते म्हणाले. "पन मन लागत नाई."

बुधरीबाई बाजार आटोपून आल्या. प्रत टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बाई, हे लिवनाऱ्याले काई दुखते काय?"

"काऊन वो?" मी विचारले.

"चांगला मानूस एवढ्या घाईनं कोनाले मारत नाई. त्याले सांगा, आधी दवाखान्यात जा म्हना."

मी शिक्क्याची पेटी उघडली आणि बंद केली. हो म्हणाले. त्या दिवशी लवकर घरी आले.

घरी नथ्थूराव ओसरीवर बसले होते. पाचवी प्रत त्यांच्याकडे होती, कारण ते मालिकेचे पहिल्या दिवसापासूनचे वाचक. समोर भाताचे ताट तसेच होते.

"हा सोनटक्के मले एकदा भेटला पायजे," ते म्हणाले. "विचारतो त्याले, त्या बाईनं काय बिगाडलं तुहं?"

"विचारा ना मंग," मी म्हणाले. "तुमच्या समोरच बसला आहे."

ते हसले. मी कपाटातून हस्तलिखितांच्या वह्या आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. ते पाने उलटत गेले. खाडाखोड, माझे अक्षर, मध्येच किराण्याची यादी. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारले, "चौथ्या पुस्तकातला तो नवरा? बायको घरी आहे का गेली, हे ज्याले कळत नाई तो?"

"तुम्हीच."

"मी तं वाचनालयाच्या वहीत लिवलं होतं, असा मानूस जगात नसते म्हनून."

"वाचलं होतं मी."

तेरा वर्षे मी हे त्यांच्यापासून लपवले. लपवण्याचे मोठे कारण नव्हते. पहिल्या पुस्तकाच्या वेळी हसतील असे वाटले, आणि एकदा लपवले की सांगायचा दिवस सापडत नाही. ते दुखावले होते हे दिसत होते. वह्या नीट एकावर एक रचून त्यांनी बाजूला ठेवल्या आणि मग विचारले, "बरं. पन आता काऊन मारली तिले?"

तेव्हा मी गाठीचे सांगितले.

त्यांनी उठून हात धुतले आणि बाहेर जायचा शर्ट घालून आले. नागपूरची गाडी आता थेट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तरी शर्ट घालून ओसरीवर बसून राहिले. "हेबी नाई सांगतलं तू मले," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "साधी चरबीची गाठ आहे. काळजीचं काही नाही." नथ्थूराव म्हणाले, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितले. "आणखी एक डाव सांगा." त्या हसल्या आणि तिसऱ्यांदा सांगितले. बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. त्यांचे डोळे थांबेनात. खानावळीत दोन ताटे जेवण झाल्यावर ते म्हणाले, "आता तिले पान्यातून बाहेर काढ."

परतीच्या गाडीत मी शेवटचे प्रकरण लिहायला घेतले. एका धीवर बाईच्या जाळ्यात गुलाबबाई सापडते आणि शुद्धीवर येताच चष्मा कुठे आहे म्हणून विचारते. महाशिवरात्रीच्या जत्रेला आम्ही मार्कंड्याला गेलो तेव्हा मी ती जागा नथ्थूरावांना दाखवली. त्यांनी पाण्यात काठी घालून खोली पाहिली आणि सांगितले की इथे माणूस बुडूच शकत नाही, कंबरभर पाणी आहे. तेवढी दुरुस्ती छपाईआधी केली आहे. आता ती वरच्या डोहात पडते.

७. सहावे पुस्तक सोडून बाकी सर्व पुस्तकांचे लेखनहक्क मयुरीचे. पुढे कोणाला मालिका लिहू द्यायची ते तिने ठरवावे. अटी अशा: गुलाबबाईला कोणी मारू नये. तिचे वय कमी करू नये, दरवर्षी एकाने वाढवावे. तिचे दुसरे लग्न लावायचे असेल तर हरकत नाही, मात्र नवरा स्वयंपाक येणारा असावा. यापुढे पुस्तकांवर माझे नाव छापावे. सोनटक्के या नावाने माझी चांगली सोय केली, त्यांच्याविषयी तक्रार नाही.

८. माझे लेखनाचे लाकडी बैठे मेज, शब्दकोश आणि न वापरलेल्या वह्या मयुरीला. जंगलात दिवसभर गप्प बसावे लागते असे ती म्हणते. लिहिणाऱ्याला ते बरे असते.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. नथ्थू बुरांडे यांनी करावी. ते माझ्याआधी गेल्यास मयुरीने. गुरुजींना मी काही ठेवणार होते, पण साक्षीदाराला काही न ठेवलेले बरे असे वकिलांनी सांगितले. गुरुजींना विचारले तर म्हणाले, "मले साक्षीदारच करा. वाचाले तं भेटते."

१०. मी गेल्यावर वाचनालय बंद ठेवू नये. शोकसभा घ्यायचीच असेल तर संध्याकाळी कुलूप लावल्यानंतर, बाहेर ओट्यावर घ्यावी. त्या दिवशी जो वाचक पुस्तक बदलायला येईल त्याला 'बाई वारल्या' म्हणून परत पाठवू नये. त्याला पुस्तक द्यावे, आणि आधीचे कसे वाटले ते विचारावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला आणि तो माझ्या मनासारखा आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. मन हलके आहे.

स्थळ: चामोर्शी
दिनांक: १२ मार्च २०२५

सही: अन्नपूर्णा नथ्थू बुरांडे

साक्षीदार:
१. गोपाल वासेकर, सेवानिवृत्त शिक्षक, चामोर्शी. (कलम ३ मधील 'विहीर' या शब्दाची वेलांटी मी दुरुस्त केली आहे. बाकी मजकूर बाईंचा.)
२. सोमारी पोचू नैताम, वाचनालय परिचर, चामोर्शी.