देकच्या बियांचे पाकीट आणि सातवे कलम

मी, झाब्लोन ओगुटू न्यादेगा, वय त्र्याहत्तर, बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार केंडू बे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. उजवा गुडघा नाही, पण वकील म्हणतात गुडघ्याचा इथे संबंध नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. माझी पत्नी पेरेस २०१८ साली वारली. ती असती तर हा मसुदा तिने तीनदा खोडला असता.

कलम १. राहते घर मुलगा ओकेच याला. स्वयंपाकघरावरचा पत्रा गळतो, हे त्याला मी चार वर्षे सांगत आहे. आता तो त्याचाच पत्रा आहे.

कलम २. पतसंस्थेतील ठेव ओकेच आणि त्याची थोरली बहीण अवुओर यांना निम्मी-निम्मी. यात भांडायला जागा ठेवलेली नाही.

कलम ३. माझी हत्यारे ओकेचला. संचात सतरा नंबरचा पाना नाही. तो अकरा वर्षे शेजारी सॅमसन ओयिएके याच्याकडे आहे आणि तो साफ नाकबूल करतो. त्याला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे, म्हणजे हे कलम त्याच्या तोंडावर वाचले जाईल.

कलम ४. घरामागची परसबाग, कुंपणासकट, अवुओरला. मुलीला जमीन दिली म्हणून चुलते कुरकुरतील. त्यांना कुरकुरू द्यावे. ओकेचला तिथे भाड्याच्या खोल्या बांधायच्या आहेत. तो फीत घेऊन मोजमाप करताना मी खिडकीतून पाहिले आहे. बाळा, मी रागावलो नाही, पण तिथे खोल्या होणार नाहीत. का, ते खाली लिहिले आहे.

कलम ५. त्या बागेत पेरेस देक लावायची. पाच बोटांसारखी पाने, पांढरी फुले, आणि अशी कडू भाजी की परका माणूस घास थुंकून टाकेल. तिच्या हातची मात्र मी चाळीस वर्षे मागून घेऊन खाल्ली. ती गेल्यावर पाहुण्यांची गर्दी ओसरली आणि मला घरात बसवेना, म्हणून मी बाग साफ केली. देक फुलावर येऊन उंच वाढले होते. मला वाटले, वाया गेले. सगळे उपटून जाळले. ते तिने बियांसाठी राखले होते, हे अवुओरने सांगितले तेव्हा राखही गार झाली होती. चाळीस वर्षे इंजिने दुरुस्त केली, पण एवढी मोठी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती.

कलम ६. पेरेसच्या फोनवर परसबाग आणि स्वयंपाकाचा एक गट होता. चारशे बाया, कोणी मचाकोसची, कोणी किटालेची. एकमेकींना बी पाठवायच्या, करपलेल्या भाजीचे फोटो टाकून हसायच्या. तिथे तिचे नाव होते ‘अवुओरची आई’. ती गेल्यानंतर चार महिन्यांनी मला देक खावेसे वाटले. बाजारातून आणले, शिजवले, आणि कुत्र्यानेही तोंड फिरवले. मग मी तिच्या फोनवरून, तिच्याच नावाने विचारले, “देकचा कडूपणा कसा घालवायचा?”

अर्धा दिवस कोणी काही बोलले नाही. मग चहाच्या मळ्यांकडच्या सोसिओत गावच्या चेलांगतबाईंनी मला एकट्याला लिहिले, “उकळून पाणी टाका. मग दूध घालून मंद आचेवर ठेवा. उद्या परत दूध, परवा परत. घाई करू नका.” मी तसे केले. तिसऱ्या दिवशी मडक्यातून पेरेसच्या भाजीचा वास आला आणि मी उभ्याउभ्याच रडलो.

त्यानंतर मी सहा वर्षे त्या गटात अवुओरची आई म्हणून राहिलो. मावा पडला की औषध सांगायचो, लेकीसुनांच्या तक्रारी ऐकायचो. लबाडी करायची नव्हती. ‘ती गेली’ हे दोन शब्द मला लिहिता येत नव्हते, एवढेच.

पहिल्याच वर्षी चेलांगतबाईंना तरी खरे सांगावे म्हणून, ‘वाळवलेला मासा घेऊन भेटायला येते’ असे त्यांना कळवून मी सोंडूच्या बाजाराला गेलो. त्यांना शोधत होतो तोच मागून आवाज आला, “इकडे या, अवुओरचे बाबा. मासा सांडाल.”

मी विचारले, “तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, देकमध्ये दूध कधी घालायचं ते अवुओरच्या आईनेच मला शिकवलं. ती गटात कशाला विचारेल?”

“आणि बाकीच्यांना?”

“ते तुमचं तुम्ही सांगायचं.”

मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढले. पेरेसने त्यांना पूर्वी टपालाने पाठवलेले देकचे बी, त्यातले निम्मे उरलेले. वर तिचे अक्षर : ‘पातळ पेरा. शेंग पिवळी झाली की लगेच खुडा. वाट बघत बसलात तर बी उडून जाईल.’ आज बागेत जे देक आहे ते त्या बियांचे. म्हणून तिथे खोल्या होणार नाहीत. आणि ओकेच, “बाबांची ती चहाच्या मळ्याकडची बाई कोण?” असे तू बहिणीला विचारले होतेस, त्याचेही उत्तर यात आले. पेरेसचे मडके तुला. आधी तीन दिवस चुलीपाशी बसायला शीक.

कलम ७. फोन अवुओरला. माझ्या पश्चात तिने गटात लिहावे की अवुओरची आई २०१८ साली वारली. मला ते जमलेले नाही.

पुरवणी. वरील मजकूर काल लिहिला. आज साक्षीदारांसमोर वाचला. ओयिएके तिसऱ्या कलमाला उठून घरी गेला आणि पाना घेऊन परतला. तो म्हणाला, “हा तुझाच आहे असं मी म्हणत नाही. सापडला, एवढंच.”

सातव्या कलमाला दुसऱ्या साक्षीदार चेलांगतबाई यांनी पेन खाली ठेवले. “यावर मी सही करणार नाही. आईच्या मरणाची बातमी लेकीने का द्यायची? तुम्ही जिवंत आहात ना?”

मी म्हणालो, “एवढी वर्षं गेली, आता काय घाई आहे?”

त्यांनी माझ्या कागदांतले ते जुने पाकीट माझ्यासमोर ठेवले आणि ‘वाट बघत बसलात तर’ या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ओकेच चहा आणायच्या निमित्ताने दारात उभा होता. त्याने माझा चष्मा पुसून हातात दिला.

मी गटात ते दोन शब्द लिहिले. फार वेळ लागला. पहिले उत्तर मचाकोसहून आले : “माहीत होतं हो, अवुओरचे बाबा. तुम्ही देकचं विचारलंत त्या दिवशी आम्ही सगळ्या रडलो. तुमची वाट बघत होतो. आता नाव बदला आणि सांगा, या पावसाची पेरणी झाली का?”

सबब कलम ७ रद्द. फोन अवुओरला, पण सध्या मला लागतो.

केंडू बे, शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४.

सही : झाब्लोन ओगुटू न्यादेगा, ऊर्फ अवुओरचे बाबा

साक्षीदार १ : सॅमसन ओयिएके, शेजारी. पाना परत केला.

साक्षीदार २ : रेबेका चेलांगत, सोसिओत. साक्षीदाराला यातले काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. चालेल. माझ्या वाटचे बी मला अवुओरच्या आईने आधीच पाठवले आहे.