दिवा हिरवाच होता

रत्नागिरी, रविवार

ती. दादूभाऊंस,

धाकटा भाऊ भिकाजी याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. तुमचे गुडघे आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावे. (फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र.)

तुम्ही आमच्या वैष्णवीसाठी सुचवलेली मालगुंडची मंडळी येऊन गेली. मुलगा संदेश दिसायला चांगला आहे. बाकी जे झालं ते उलटसुलट कानावर येण्याआधी माझ्याकडून ऐका.

आपल्या दर्शनने गेल्या वर्षी आमचं घर बंदिस्त करून दिलं. (पुण्याला नोकरी करणारी मुलं आईबापांवर प्रेम करतात ती अशी.) कौलं जाऊन स्लॅब आला, खिडक्यांना रबर लावलेल्या दुहेरी काचा आल्या, दारांच्या फटी बुजल्या. वर हवा शुद्ध करायचं यंत्र. हवा चांगली असली की त्याचा दिवा हिरवा, बिघडली की लाल. पहिल्याच दिवशी हिने बांगडे तळले आणि तो लाल झाला, तेव्हापासून आमचं तळण मागील दारी चालतं. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मी देवापुढे उदबत्ती लावू दिली नाही आणि पोह्यांची फोडणीही मागील दारीच द्यायला लावली.

बाहेरच्या खोलीत दोन्हीकडची चौदा माणसं, एसी चालू, सगळं घट्ट बंद. पहिली जांभई मुलाच्या वडिलांनी दिली. मुलाची आई पदराने वारा घेऊ लागली, तेव्हा मी तिला हिरवा दिवा दाखवला आणि इतकी चांगली हवा मालगुंडच्या किनाऱ्यावरही मिळायची नाही असं सांगितलं. मुलाचे मामा म्हणाले, "वायच खिडकी उघडा की, जीव कोंडलाय." ही खिडकी उघडायची नव्हे, असं मी त्यांना समजावलं. थोड्या वेळाने मामा घोरू लागले. आणि संदेश आपल्या नव्या गाडीची माहिती देत असताना वैष्णवीने त्याच्या तोंडावर जांभयांवर जांभया दिल्या.

काल निरोप आला, की मुलगी आम्हांला पसंत आहे, पण तिच्या मनात दिसत नाही, तरी काय ते स्पष्ट कळवा. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. माझ्या हौसेपायी पोरीचं चांगलं स्थळ जातंय याचं मला फार वाईट वाटतं. दर्शनला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, की यंत्राला धूळ आणि धूर कळतो, माणसांनी सोडलेला श्वास कळत नाही, त्यासाठी अधूनमधून खिडक्या उघडायच्या असतात. (हे त्याने खिडक्या बसवताना सांगायला हरकत नव्हती.)

तरी भाऊ, तुम्ही जातीने मालगुंडला जावं, जांभया कोंडलेल्या हवेच्या होत्या हे पटवून द्यावं आणि आमच्याकडून होकार कळवावा.

आपला,
भिकाजी

ता. क. पत्र वैष्णवीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हवेचा काही दोष नाही. मी समुद्रावर बसले असते तरी जांभया आल्याच असत्या." तिला आधी विचारायला हवं होतं, असं हिचं म्हणणं पडलं. (म्हणजे ही बोलू लागली.)

दुसरा ता. क. सगळं पत्र पुन्हा लिहायचा कंटाळा आला आहे. वर होकार आहे तिथे नकार वाचावा. मालगुंडला कारण मात्र हवेचंच सांगावं.