माझ्या प्रतीशी न जुळणारे

सोमवार, ३ जून
आजपासून प्रकल्पाच्या मिररांची समन्वयक मी. ज्यांना दिसत नाही त्यांना मजकूर वाचून दाखवणारे आमचे मोफत सॉफ्टवेअर. आठ स्वयंसेवक आपापल्या सर्व्हरवर त्याची हुबेहूब प्रत ठेवतात, हेच आमचे मिरर. डाउनलोड करणाऱ्याला त्यांपैकी कोणाकडे पाठवायचे, हे डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतली, यादी ठरवते. ती यादी आता माझ्या हाती. संकल्प: शिस्त, सौजन्य, आणि कोणालाही फोन न करणे. फोनवर माझी वाक्ये अपूर्ण राहतात.

बुधवार, ५ जून
ताडून पाहण्यासाठी एक प्रमाणप्रत हवी. ती माझ्या टेबलाखालच्या मशीनवर राहील, नववा मिरर म्हणून यादीतही राहील. तपासणीचा छोटा प्रोग्रॅम रोज 'जुळते' किंवा 'जुळत नाही' एवढेच सांगेल. त्याहून खोलात जाणे म्हणजे माणसांवर संशय घेणे. जुळत नाही, तो वगळावा.
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. शाळेत मला मराठी त्यांनीच शिकवले. आता दृष्टी गेली आहे, सारे वाचन आमच्या सॉफ्टवेअरवर. म्हणाल्या, अगं, तुमचं ते दशांशचिन्ह गिळतं, अडीच मिली औषध पंचवीस म्हणून सांगतं, मग रोज शेजारणीला हाक मारा. मिंधेपणा नको वाटतो. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येत आहे, असे मी सांगितले. निदान सांगायला सुरुवात केली.

शनिवार, ८ जून
ताईचे ऑफिसचे कॉल तुटतात. तिच्या मते टेबलाखालचा माझा डबा दिवसभर इंटरनेट ओढत बसतो. तू माझी नोकरी कर, मी तुझे मिरर पुसत बसते, असे म्हणाली. प्रत ताजी करण्याचे काम तात्पुरते थांबवले. दोनच दिवस.

शुक्रवार, १४ जून
काल नवी आवृत्ती आली, दशांशाच्या दुरुस्तीसह. आणि नेमके आजच तीन मिरर जुळेनासे झाले. गडबडीच्या दिवसांतच माणसांची शिस्त उघडी पडते. तिघांना वगळले. पत्रात 'खेदपूर्वक' हा शब्द घालावा की 'नाइलाजाने', यात दुपार गेली.

रविवार, १६ जून
आणखी चार. थकवा आला आहे.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिरर चालवणारे काका लिहितात: पोरी, मला का काढलंस, माझ्याकडे तर ताजं आहे. 'ताजे' आणि 'प्रमाण' यांतील भेद त्यांना चार परिच्छेदांत समजावला. वयाचा मान राखून.
आठांपैकी एकच जुळतो. त्याच्या चालकाला अभिनंदनपत्र पाठवले. उत्तर आले की, मी महिनाभर तिकडे फिरकलोच नाही हो. विनय असावा तर असा.

मंगळवार, १८ जून
अभिनंदनाने हुरूप येऊन त्या गृहस्थांनी म्हणे काल सगळे ताजे करून घेतले. आज तेही जुळत नाहीत. कौतुक पचवणे अवघड असते. वगळले.
आता यादीत एकमेव विश्वासार्ह मिरर उरला आहे. एकटीने किती ओझे वाहावे?

बुधवार, १९ जून
सकाळपासून घरचे इंटरनेट रांगते आहे. ताईचा कॉल अकरा वाजता कायमचा गेला. समोर तिचे साहेब होते. इंटरनेटची कंपनी निवडताना मी तिला सावध करायला हवे होते.
बाई दारात आल्या, कठडा धरून, दोन जिने चढून. नवी आवृत्ती दोनदा उतरवून घेतली, अजून पंचवीसच म्हणतं गं. शेजारीण गावाला गेली आहे. परवा अंदाजाने औषध घेतलं आणि दिवसभर झोपून राहिले. मी त्यांना बसवले, खालून बाटली आणून अडीच मिली मोजून दिले.
त्या गेल्यावर टेबलाखाली वाकले. प्रत ८ जूनची.

गुरुवार, २० जून
प्रकल्पाच्या प्रमुखांना पत्र लिहायला घेतले. आठवा मसुदा चालू असतानाच काकांचे पत्र आले: प्रमुखांकडून यादीचे अधिकार घेतले, आठही जण परत घातले. तुझा नियम चांगला आहे पोरी, तोच लावला. न जुळणारं एकच निघालं, ते वगळलं.
'खेदपूर्वक' लिहिलेले नाही.

शनिवार, २२ जून
जिन्यात बाई. कालपासून नीट अडीच सांगतं म्हणाल्या, आता शेजारीण खुशाल महिनाभर राहू दे गावाला. मग विचारले, घोळ कुणाचा होता गं?
चौकशी चालू आहे, असे मी सांगितले.
वाक्य पूर्ण झाले.